१९०७ हे तुझ्या संगिनीचं जन्मसाल नाही

सातारा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. मूळ पत्र चार पानांचं आहे, सोबत फोटो आहेत, थोडं आखडून देतो.

"काका, नमस्कार. जुनं घर उतरवताना पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली बायोनेट, म्हणजे रायफलच्या टोकाला लावायची संगीन, सापडली. आजी दर खंडेनवमीला तिची पूजा करायची, ती गेल्यापासून दहाबारा वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आजी सांगायची ही तिच्या सासऱ्यांची, म्हणजे माझ्या पणजोबांची, ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात होते. पात्यावर एका बाजूला मुकुट, खाली जी आर, खाली १९०७, मग ५ '१८ आणि विल्किन्सन असं नाव. दुसऱ्या बाजूला बाण, एक फुली आणि बारीक शिक्के. पातं १२ इंच आहे, इंटरनेटवर तर १७ इंच लिहिलंय, त्यामुळे भाऊ म्हणतो ही तुटकी आहे. गंज भरपूर, मुठीचं एक लाकूड चिरलेलं, मागचं बटण जाम, चामड्याच्या म्यानाची शिवण उसवलेली. एक बफिंगवाला १५०० रुपयांत क्रोम करून आरशासारखी देतो म्हणाला. जुन्या बाजारातला माणूस ५००० देतोय, चुलतभाऊ म्हणतो लाखाच्या खाली सोडू नको, त्याने व्हिडिओ बघितलाय. आणि आत्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो कुरिअर कर मी इथे फ्रेम करून लावतो. काय करू? फुली म्हणजे रिजेक्ट माल का?"

अरे बाबा, पहिली गोष्ट, हे वाचत असशील तिथेच थांब आणि त्या बफिंगवाल्याला फोन करून नको म्हणून सांग. मग पुढचं वाच. मी थांबतो.

हे एवढं घाईने सांगतोय कारण माझी पहिली संगीन मी स्वतः अशीच घालवली. वीसेक वर्षं झाली असतील, मला पण वाटलं होतं की चकाचक झाली की भारी दिसेल, दुकानातल्या पोराने चाकावर धरली आणि दहा मिनिटांत पातं स्टीलच्या ताटासारखं झालं, मी खूश होऊन घरी आलो आणि रात्री चष्मा लावून बघतो तर शिक्के गायब, साल गायब, बनवणाऱ्याच्या नावातली दोन अक्षरं तेवढी उरलेली. आता ती माझ्याकडे पुडकी फोडायला आहे. पात्यावरचं अक्षर जेमतेम केसाएवढं खोल असतं आणि बफिंगचं चाक त्याच्याहून जास्त खातं, एवढा साधा हिशोब मला तेव्हा कळला नाही. म्हणून तुला सांगतो, तुझ्या हातात जी वस्तू आहे तिची निम्मी किंमत त्या मुठीजवळच्या दोन इंचात आहे, जिथे ते शिक्के आहेत, आणि ते दोन इंच वाचवणं हेच तुझं रिपेअरिंग.

आता तेच दोन इंच वाचू.

१९०७ हे बनवलेलं साल नाही, ते मॉडेलचं साल आहे. ब्रिटिशांनी १९०७ मध्ये आखूड ली-एनफिल्ड रायफलसाठी, म्हणजे आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो तिच्यासाठी, हा नमुना पास केला आणि पुढे हा आकडा प्रत्येक पात्यावर मारत गेले. खरं साल त्याच्या खाली आहे, ५ '१८ म्हणजे मे १९१८. जी आर म्हणजे जॉर्ज राजा, पंचम जॉर्ज. विल्किन्सन ही लंडनची तलवारी बनवणारी कंपनी, या नमुन्याच्या संगिनी सगळ्यात जास्त तिनेच बनवल्या, लाखोंनी. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. आणि फुली म्हणजे रिजेक्ट नाही रे, उलट आहे, पातं वाकवून बघायचे आणि ते परत सरळ आलं की ही फुली मारायचे, म्हणजे तुझी संगीन पास झालेली आहे. मुठीच्या टोकाला एक आरपार भोक असेल बघ, ते १९१६ पासून ठेवायला लागले, खंदकातली माती आत अडकून बसायची ती बाहेर काढता यावी म्हणून. १९१८ च्या मालाला ते असायलाच हवं.

आणि इथे एक जरा नाजूक गोष्ट येते. कूतचा वेढा डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडच्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सहावी पूना डिव्हिजन होती ती, त्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी होत्या, त्यामुळे तुझे पणजोबा तिथे असण्यात काहीही अशक्य नाही, साताऱ्याचे तर नक्कीच असू शकतात, आपलं अपशिंगे मिलिटरी एवढ्याशा गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावलीत. पण जी संगीन मे १९१८ मध्ये बनली ती एप्रिल १९१६ मध्ये कूतला कशी असेल? शिवाय शरण जायच्या आधी तिथे हत्यारं मोडून नासवून टाकली होती आणि माणसं कैदी म्हणून पायी उत्तरेला नेली, त्यातली कितीतरी वाटेतच गेली. जो कुणी कूतमधून जिवंत परत आला तो संगीन घेऊन आला नाही.

थांब, लगेच तोंड पाडू नकोस. १२ इंचाचं बोल आता.

या नमुन्याचं पातं मुळात १७ इंच, जवळजवळ ४३ सेंटिमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हिंदुस्थानात ठरलं की एवढं लांब पातं ट्रकमध्ये चढताना उतरताना आणि झाडीत नुसतं अडतं, म्हणून सरकारी कारखान्यांतून जुनी पाती कापून १२ इंचांची केली, आणि नवीन बनवायची ती पण आखूडच बनवायला लागले, बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत. तुझी कापलेली आहे का तुटलेली हे ओळखायला सोपं आहे. पात्यावर जी लांब पन्हळ असते ना (ती रक्त वाहून जायला नसते, हे सगळे सांगतात ते थोतांड, पातं हलकं राहून ताठ राहावं म्हणून असते), ती मूळच्या १७ इंची पात्यावर टोकाच्या बऱ्याच आधी संपते. फॅक्टरीत आखूड केलेल्या पात्यावर ती जवळजवळ टोकापर्यंत धावते, आणि टोक मात्र दोन्ही बाजूंनी नीट, सारखं घडवलेलं असतं. घरी कुणी कानशीने घासून केलेलं टोक वाकडंतिकडं दिसतं. तुझ्या फोटोत पन्हळ टोकाला भिडलीये आणि टोक सुरेख आहे. म्हणजे भावाला सांग, तुटकी नाही, ही लंडनमध्ये जन्मली आणि पंचवीसेक वर्षांनी हिंदुस्थानात हिचे केस कापले.

मग ही घरात आली कुणाबरोबर? पत्राच्या तिसऱ्या पानावर तू जाता जाता लिहिलंयस की चुलत आजोबा "दुसऱ्या लढाईत" मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि नंतर कोणीतरी पोलिसात होतं. मला तिकडे जास्त शंका आहे. आखूड संगीन ही दुसऱ्या युद्धाच्या वेळची गोष्ट आणि थ्री-नॉट-थ्री तर आपल्या पोलिसांकडे अगदी परवापरवापर्यंत होती. नक्की कोण ते मी इथे बसून सांगणार नाही, पण पणजोबा यात बसत नाहीत. आजी खोटं बोलली असंही नाही, घरात पणजोबांची गोष्ट होती आणि एक हत्यार होतं, पन्नास वर्षांत दोन्ही एकमेकांना चिकटली. असं दर दुसऱ्या घरात होतं.

पणजोबांचा खरा पुरावा तुझ्याकडे वेगळाच आहे आणि तू त्याच्यावर एकच ओळ लिहिलीस! "ट्रंकेत घोडेस्वाराचं एक मेडल पण आहे." अरे ते चांदीचं असेल तर पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल असणार, मागे उघडा घोडेस्वार असतो तेच. ते चिंचेने घासू नकोस, साध्या उजेडात आडवं धर आणि त्याची कड वाच, जाड कडेवर गोल फिरवून शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तिथे ११० मराठा किंवा ११७ मराठा असं काही निघालं ना, तर कूतची गोष्ट पुराव्याच्या जवळ आली समज. संगिनीवर शिपायाचं नाव कधी नसतं, मेडलवर असतं.

आता साफसफाई. यात तुला कमी करायचंय, जास्त नाही.

गंज दोन प्रकारचा असतो. लाल-नारिंगी, बोटाला भुकटी लागते तो जिवंत गंज, तो काढायचा. काळपट-तपकिरी, घट्ट, हात फिरवला तर गुळगुळीत लागतो तो वयाचा रंग, त्याला हात लावायचा नाही, तो गेला की वस्तू नवी आणि नागडी दिसते आणि जाणकार माणूस लांबूनच मान हलवतो. शिलाई मशीनचं तेल आण, पातळ असतं. पात्याला लावून जुन्या सुती कापडात गुंडाळून दोनतीन दिवस ठेव, मग कापडाने पूस, परत लाव, परत ठेव. घाई नको, माझं एक पातं असं महिनाभर चाललं होतं. जिथे गंजाचा पोपडा उठलेला आहे तिथे बांबूची कामटी नाहीतर तांब्याचा जुना ढब्बू पैसा तिरका धरून तेलात हळूच खरवडायचं, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे गंज निघतो पण चरा पडत नाही. पैसा किंमती असेल तर दुसरा घे, नाहीतर एका छंदापायी दुसरा बुडायचा. अगदीच चिवट असेल तर चार शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने, गोल गोल नाही. शिक्क्यांवर स्टील वूल पण नको, तिथे फक्त तेल, दात घासायचा मऊ ब्रश आणि टूथपिक.

काय वापरायचं नाही ते पण ऐकून ठेव: पॉलिश पेपर, ग्राइंडर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, भांड्याची तारेची घासणी, लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितांबरी. पितळेच्या समईला जे चालतं ते पोलादाला चालत नाही, आंबट काहीही लावलं की ते गंजाबरोबर खालचं पोलाद पण खातं आणि पातं राखाडी, खडबडीत होतं. खोबरेल पण नको. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल लावायची सवय, पण ते काही महिन्यांत खवट होतं, चिकट होतं आणि त्याला धूळ बसते.

जाम बटणाला हातोडी मारलीस तर बघ. भोकातून आणि बटणाच्या कडेने दोनदोन थेंब तेल सोड, रोज, आठवडाभर, मध्ये मध्ये अंगठ्याने दाबून बघ. आत स्प्रिंग आहे आणि वर्षानुवर्षांची घट्ट झालेली तेलाची राळ आहे, ती सुटायला वेळ लागतो, बहुतेक वेळा सुटतेच.

मुठीचं लाकूड हे बहुधा अक्रोडाचं असतं, दोन स्क्रूवर बसवलेलं. स्क्रू खोलायचा मोह होतो, आतला गंज बघायला, पण खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर खोलू नकोस, एकदा खाच तुटली की ती कायम ओरडत राहते की मला कुणीतरी छळलंय. चिरलेल्या लाकडात पातळ सरस भर, सुताराकडचा खरा जनावराचा सरस, कारण तो पुढे कुणाला काढायचा असेल तर गरम पाण्याने सुटतो. फेव्हिक्विक ओतलंस तर ते शेवटपर्यंत पांढरं दिसेल. वरून कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. आणि ते जवसाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, उघडं पसरून वाळव नाहीतर पाण्यात टाक, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, ही गंमत नाही. शिसवीची नवीन मूठ करून देतो असं कुणी म्हटलं तर त्याचे आभार मान आणि निघ. चिरलेली मूळची मूठ ही नव्या सुंदर मुठीपेक्षा कधीही बरी.

म्यान. मोच्याकडे दिलंस तर तो मशीनवर नवीन भोकं पाडून शिवेल आणि जुनं वाळलेलं चामडं त्या भोकांच्या रेषेत फाटेल. जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने, हाताने, सैल शिवायचं, जमत नसेल तर तसंच राहू दे. मुख्य म्हणजे संगीन म्यानात ठेवायचीच नाही. चामडं कमावताना वापरलेले पदार्थ आणि पावसाळ्यातली ओल मिळून आतल्या आत पातं खातात, तुझा मुठीजवळचा जाड गंज त्यातूनच आलाय असं मला वाटतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेव, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. गोणपाट नको, ते पाणी धरतं. साफ झाल्यावर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात दिलास तर अजून चांगलं, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स नावाचं मेण म्युझियमवाले वापरतात, महाग आहे पण एक डबी जन्माला पुरते.

पात्याच्या मध्यावर जे लालसर ठिपके आहेत ना फोटोत, रांगेत पाच, ते बघून मला आजीच दिसली. ओल्या हळदीकुंकवाची बोटं आहेत ती. ओलं कुंकू पोलादावर वर्षभर राहिलं की खालून गंज धरतो. ते डाग तेलाने मऊ करून लाल भुकटी तेवढी काढ, खालची काळी खूण राहिली तर राहू दे, मी तरी काढणार नाही. पुढच्या खंडेनवमीला पूजा जरूर कर, फक्त हळदकुंकू खालच्या पाटाला लाव, फूल वर ठेव, आणि संध्याकाळी पुसून तेलाचा हात.

किमतीचं बोलायचं तर पाच हजारवाला तुला लुटत नाहीये आणि लाखवाला चुलतभाऊ स्वप्नात आहे. त्याने जो व्हिडिओ बघितला त्यात मुठीपुढच्या आडव्या दांडीला खाली वळलेला हुक असणार. सुरुवातीच्या संगिनींना तो हुक होता, १९१३ मध्ये बंद केला आणि पुढे असलेल्यांचे पण कापून टाकले, म्हणून हुकवाली मिळणं अवघड आणि तिची किंमत साधीच्या कित्येक पट. त्यामुळेच लोक साध्याला हुक वेल्डिंग करून विकतात, कुणी तुला हुकवाली दाखवली आणि साल १९१६ निघालं की चहा पिऊन उठायचं. तुझी विल्किन्सनची, बिनहुकाची, आखूड केलेली, म्हणजे सगळ्यात जास्त मिळणारा प्रकार. व्हिकर्स या दुसऱ्या कंपनीचं नाव असतं तर गोष्ट वेगळी, ती फार थोडी बनली. तुझ्या बाजूने एवढंच आहे की शिक्के स्वच्छ वाचता येतात आणि म्यान आहे. म्यानाच्या वरच्या लोखंडी तोंडावर आणि मुठीवर एखादा नंबर मारलेला असेल तर ते दोन्ही जुळतात का बघ, जुळले तर भाव वाढतो. क्रोम केलं असतंस तर १५०० रुपये खर्चून पाच हजारांची वस्तू पाचशेची झाली असती.

पण विकायच्या आधी कायदा. आर्म्स ॲक्ट १९५९ खालच्या नियमांमध्ये धारदार शस्त्रांची यादी आहे, त्यात तलवार, खंजीर, भाल्याबरोबर संगिनीचं नाव चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे ही किचनमधली सुरी नाही. जुन्या बाजारात रोख पैसे घेऊन हातात देणं, ऑनलाइन जाहिरात टाकणं, यातलं काही करू नकोस. एखाद्या वकिलाला घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात फोटो आणि लेखी अर्ज घेऊन जा, संगीन घेऊन जाऊ नकोस, आणि घरात सापडलीये, ठेवायची आहे, काय करावं लागेल असं सरळ विचार. अजून एक बघ, पात्यावर किंवा मुठीवर दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर मारलेले दिसतात का? ती खूण म्हणजे सरकारने ही वस्तू सेवेतून काढून रीतसर विकली. ती असेल तर तुझं बोलणं सोपं होतं. नसेल तर कोणीतरी सरकारी शस्त्रागारात परत न करता घरी आणली असं कुणी म्हणू शकतं, त्यामुळे वकील आधी, ठाणं नंतर. आणि कृपा करून वाढदिवसाला हिने केक कापून रील टाकू नका, तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तू पण वाचतोस.

न्यू जर्सीच्या भावाला प्रेमाने नाही सांग. १०० वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू ही १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मे १९१८ ला १०० वर्षं होऊन गेली. कुरिअरवाला स्कॅनरवर बघूनच उलटा फोन करेल ते वेगळंच. त्याला फ्रेमच करायची असेल तर शिक्क्यांचा जवळून काढलेला मोठा फोटो आणि मेडलच्या कडेचा फोटो पाठव, भिंतीवर छान दिसेल.

तर आज रात्री मेडलची कड वाच आणि मला कळव, नंबर आणि पलटण दोन्ही, एकही आकडा न गाळता. आणि बफिंगवाल्याला ॲडव्हान्स दिला असशील तर तो सोडून दे, मागायला जाऊ नकोस, गेलास की तो एकदा हात फिरवूनच देतो म्हणेल.